वीस मिनिटांनी दम सोडणारा ट्रॅक्टर : दुरुस्तीच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. तासमीटर १,८४६

नदीकडच्या पट्टीतला उसाचा खोडवा मोडायला घेतला. सहा फुटी रोटाव्हेटर, लो दोन गिअर, इंजिन १,८५० आरपीएमवर. पहिली वीस मिनिटं ट्रॅक्टर नेहमीसारखा चालला. मग आवाज बसत गेला, आरपीएम १,४०० वर आले आणि डॅशवरचा पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटर पूर्ण ओढला तरी इंजिन चढेना. रोटाव्हेटर उचलल्यावर १,६०० पर्यंत गेलं, त्यापुढे नाही.

चावी बंद केली आणि बांधावर दहा मिनिटं बसलो. परत चालू केलं तर दिवा गेलेला, ताकद पहिल्यासारखी. पुन्हा वीस-बावीस मिनिटांत तोच प्रकार. दिवसभरात चार वेळा झालं. प्रत्येक वेळेची मिनिटं लिहून ठेवली : २२, १९, २१, १८.

गाडी ५७ एचपीची, २०२३ ची. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम स्टेज ४ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) लागू झालं, त्यानंतरची. म्हणजे कॉमन रेल (पंप एका सामाईक नळीत, रेलमध्ये, जास्त दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं), इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो, ती हवा थंड करणारा इंटरकूलर, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर आणि सायलेन्सरच्या जागी धुराची काजळी अडवणारा डीपीएफ. या सगळ्यावर ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, नजर असते. काही बिनसलं की तो इंजिनाची ताकद स्वतःहून कापतो. इथले फिटर त्याला ‘लिंपमध्ये गेला’ म्हणतात.

आण्णांनी पहिला प्रश्न विचारला, “धूर कसला पडत होता?” आमच्या जुन्या ३५ एचपीच्या ट्रॅक्टरचं निदान त्यांनी सव्वीस-सत्तावीस वर्षं धुरावरच केलं. काळा धूर असेल तर हवा कमी पडतेय. धूर न टाकता दम गेला तर डिझेल कमी पडतंय. पांढरा निघाला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन बघायचं. मी सांगितलं, “धूर काहीच नव्हता.” मग त्यांनी डिझेल बघायला सांगितलं. अंदाज बरोबर असू शकतो, पण या गाडीला काळा धूर झाला तरी डीपीएफ तो बाहेर पडू देणार नाही. धूर नाही म्हणजे हवा ठीक, असं इथे धरता येत नाही. हे वाक्य वहीत अधोरेखित केलं.

११ फेब्रुवारी

सोपं आणि स्वस्त ते आधी.

एअर फिल्टर काढला. बाहेरचा धुळीने भरला होता, पण चोक नव्हता. आतून बाहेर हलक्या हवेने झाडला. आतल्या छोट्या फिल्टरला हात लावला नाही. तो साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. टाकीचं झाकण चालू ट्रॅक्टरवर सैल केलं. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला नाही, म्हणजे झाकणाचं छिद्र मोकळं आहे.

मग डिझेल फिल्टर. वॉटर सेपरेटरचा खालचा नट सैल करून काचेच्या ग्लासात धार घेतली. तळाला दोन बोटं पाणी आलं आणि त्यात तपकिरी कण तरंगत होते. मागच्या वेळी पाणी कधी काढलं ते वहीत सापडलं नाही. म्हणजे काढलंच नाही. आठवड्याला एकदा काढायचं असतं, ही चूक माझी.

दोन्ही फिल्टर नवे बसवले. आमच्याकडे सगळेच नवा फिल्टर डिझेलने भरून मग आवळतात, म्हणजे हवा काढायचा त्रास वाचतो. कॉमन रेलच्या दुसऱ्या फिल्टरला हे करायचं नाही. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला पडतं आणि कॅनमधली घाण सरळ हायप्रेशर पंपात जाते. फिल्टर कोराच बसवला आणि हँड प्राइमर (डिझेल भरायचा हातपंप) कडक होईपर्यंत दाबत राहिलो.

चालू करायला नेहमीपेक्षा जास्त स्टार्टर मारावा लागला. आण्णा सतराचा पाना घेऊन पुढे आले. “थांब, नोझलचा नट ढिला करतो, हवा निघून जाईल.” मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच असा धरला असेल. जुन्या गाडीत ते बरोबर होतं. या पाइपात मात्र चालू इंजिनाला शेकडो बार, लोडवर तर हजाराच्या वर दाब असतो. त्या नटातून निघणारी बारीक धार दिसतही नाही, ती कातडी फोडून आत जाते आणि डिझेल मांसात शिरतं. वरून सुईच्या टोकाएवढी जखम दिसते आणि बोट किंवा हात कापायची वेळ येऊ शकते. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासात दवाखाना गाठायचा. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाना पेटीत ठेवला. घरातल्या प्रत्येकाला हे सांगितलं, ड्रायव्हरलाही.

१२ फेब्रुवारी. १,८४९

नव्या फिल्टरवर पन्नास मिनिटं चालला. काम झालं असं वाटलं. एक्कावन्नाव्या मिनिटाला दिवा.

वीसचे पन्नास का झाले? फिल्टर थोडा अडवत होता आणि तो अडथळा गेला म्हणून वेळ वाढला. मूळ अडथळा अजून कुठेतरी आहे.

१४ फेब्रुवारी

सर्व्हिस सेंटरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. कोड निघाला एसपीएन १५७, एफएमआय १८. साध्या भाषेत, रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी. पाच मिनिटांत निकाल देऊन टाकला : हायप्रेशर पंप गेला, जमलं तर चारही इंजेक्टर सोबत बदलून घ्या. आकडा लाखाच्या वर. डिझेलमध्ये पाणी सापडलं असल्याने वॉरंटीत बसणार नाही, हेही सांगितलं.

रात्रभर झोप लागली नाही. उसाचं पहिलं बिल आलंय, पण त्यातून सोसायटी आणि खताची उधारी भागवायची आहे.

पहाटे एक गोष्ट लक्षात आली. कोड म्हणतो, रेलमध्ये दाब कमी आहे. पंप खराब आहे असं कोड म्हणत नाही. रेलला पंप देतो, पंपाला फिल्टर, फिल्टरला पाइप, पाइपाला टाकी. या साखळीत कुठेही कमी पडलं तरी कोड हाच येणार. आणि झिजलेला पंप बांधावर दहा मिनिटं विश्रांती घेऊन बरा कसा होईल? दाखवण्यासारखा पुरावा हातात येईपर्यंत पंपाला हात लावायचा नाही असं ठरवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन तपासण्या.

पहिली, इंजेक्टरची परतीची. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. या नळ्यांत दाब नसतो, म्हणून हे करता येतं. इंजिन आयडलवर ठेवलं. एखादा इंजेक्टर आतून गळत असेल तर त्याची बाटली लवकर भरते. चारही बाटल्यांची पातळी जवळजवळ सारखी आली. इंजेक्टरांवरचा संशय बराच कमी झाला.

दुसरी, टाकीकडून येणाऱ्या पाइपात वीतभर पारदर्शक नळी जोडली, डिझेल चालेल अशी. घरी उभ्या गाडीला डिझेल स्वच्छ वाहत होतं, एकही बुडबुडा नाही. मग रानात नेऊन रोटाव्हेटर लावला आणि धाकट्या भावाला दर पाच मिनिटांनी गाडी थांबवून, इंजिन चालू ठेवून नळी बघायला सांगितलं. पंधराव्या मिनिटाला सोड्यासारखे बारीक बुडबुडे दिसले, पंचविसाव्या मिनिटाला नळी फेसाळली आणि पुढच्या पाच मिनिटांत दिवा लागला.

बुडबुड्यांचे दोन अर्थ निघतात. क्लिपजवळून कुठेतरी हवा शिरतेय, किंवा मागे अडथळा असल्यामुळे पंप जोर लावून ओढतोय आणि त्या ओढीने डिझेलमधली विरघळलेली हवा सुटतेय. क्लिपा सगळ्या आवळलेल्या होत्या. दुसरा अर्थ पटला, पण अजून तो अंदाजच.

२० फेब्रुवारी. १,८५४

शेजारच्या गावचा फिटर स्वतःचा स्कॅनर घेऊन थेट रानात आला. गाडी उभी करून कोड वाचण्यापेक्षा लोडवर आकडे बघू, हे त्याला लगेच पटलं. तो मडगार्डवर बसायला निघाला तर नको म्हटलं. रोटाव्हेटर चालू असताना दुसरा माणूस गाडीवर नको. स्कॅनर नोंद करत राहतो. तो लावून ठेवला आणि नंतर आलेख काढला.

ईसीयू मागतोय १,३५० बार. पहिली अठरा मिनिटं मिळतंय १,३४०. मग १,२५०. मग १,१००. ९०० च्या खाली गेल्यावर ताकद कापली. दहा मिनिटं बंद ठेवून चालू केल्यावर परत १,३४०.

फिटरने एक शंका काढली आणि ती रास्त होती. पंप झिजला असेल तर डिझेल तापल्यावर पातळ होऊन आतल्या आत गळतं आणि दाब असाच उतरतो. दहा मिनिटांत एवढं थंड होणार नाही हे खरं, पण नुसत्या बोलण्याने पंप सुटत नाही. पंप आणि टाकी वेगळे करून बघायला हवेत.

२१ फेब्रुवारी. १,८५६

कॅनची तपासणी. सगळ्यात महत्त्वाचा दिवस.

वीस लिटरचा स्वच्छ कॅन पेट्रोल पंपावरच्या ताज्या, गाळलेल्या डिझेलने भरला. सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला लोखंडी पट्टीने घट्ट बांधला. टाकीची ओढणारी नळी सोडवून कॅनमध्ये टाकली, परतीची नळीही कॅनमध्येच. म्हणजे टाकी, तिच्यातली जाळी आणि टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप एवढंच बाजूला काढलं. फिल्टर, पंप, रेल, इंजेक्टर तेच. आग विझवायचा सिलिंडर भावाच्या हातात. पाचट नसलेला तुकडा निवडला.

वीस मिनिटं झाली. तीस झाली. पन्नासाव्या मिनिटाला भाऊ बांधावरून नुसताच हात हलवत होता. एक तास दहा मिनिटं सलग चालवला. दिवा नाही, पारदर्शक नळीत बुडबुडा नाही, दाब १,३४०.

परतीचं गरम डिझेल छोट्या कॅनमध्ये फिरून फिरून साठ लिटरच्या टाकीत कधी तापत नाही एवढं तापलं होतं. शेवटी कॅनला हात लावून ठेवता येईना, म्हणून थांबलो. एवढ्या गरम, पातळ डिझेलवरही पंपाने दाब सोडला नाही. फिटरची शंकाही यातच मिटली.

पंप निर्दोष आहे. आण्णांना फोन करून सांगितलं. ते फक्त “बरं झालं” म्हणाले, पण आवाजावरून कळलं.

२२ फेब्रुवारी

टाकी उतरवली. आधी वरचं चांगलं डिझेल काढून घेतलं. शेवटचे दोन-तीन लिटर वेगळे काढले तर त्यात काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखे पोपडे. ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची जाळी बाहेर काढली. तिच्यावर त्याच चिकट पदार्थाची साय धरली होती.

डिझेलमध्ये शेवाळ धरत नाही असं मीही समजत होतो. नुसत्या डिझेलमध्ये नाहीच धरत. पण खाली पाण्याचा थर साचला की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात. राहायला त्यांना पाणी मिळतं, खायला डिझेल. पाणी आलं कुठून? पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ट्रॅक्टर शेडमध्ये पाव टाकीवर उभा होता. उरलेल्या पाऊण टाकीत दमट हवा, रोज रात्री पत्रा थंड, आतून दव. त्यात भर आमच्या दोनशे लिटरच्या बॅरलची. तो उभा असतो, त्याच्या झाकणावर पाणी साचतं आणि हातपंपाची नळी अगदी तळाला टेकलेली असते. तळाशी जे काही बसलेलं असेल तेच पहिलं टाकीत येतं.

वीस मिनिटांचं कोडंही इथे सुटलं. पंप ओढतो तसे पोपडे जाळीला येऊन चिकटतात. इंजिन बंद केलं की ओढ संपते, पोपडे सुटून खाली पडतात आणि जाळी मोकळी होते. दहा मिनिटांच्या विश्रांतीने बरी होत होती ती ही जाळी.

टाकी डिझेलनेच तीनदा खंगाळली. पाणी वापरलं नाही, पेट्रोलही नाही. कोपऱ्यातलं पुसायला सुती फडकं न घेता धागे न सुटणारं कापड घेतलं. ओढणारा पाइप नवा टाकला. काढलेली घाण बॅटरीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली, ओढ्यात ओतायची नाही.

२४ फेब्रुवारी. १,८५९

पुन्हा फिल्टर बदलून सलग दोन तास रोटाव्हेटर. दाब जागचा हलला नाही, दिवा नाही.

तरी मन भरलं नाही. गेल्या वर्षीची वही काढली. हीच पट्टी, हाच रोटाव्हेटर, हाच गिअर. तेव्हा लोडवर इंजिन १,८५० वरून १,७५० वर यायचं, आज १,५५० वर येतंय. भारी काळी जमीन आहे, ओल कमी-जास्त असू शकते, पण दोनशेचा फरक ओलीने पडत नाही. एकराला डिझेलही लिटर-सव्वा लिटरने जास्त गेलं.

आण्णा म्हणाले, “दिवा गेला ना? मग काम उरकून घे.” मला ते पटलं नाही. दिवा लागण्याइतकं बिघडलेलं नाही एवढंच दिवा न लागण्यावरून कळतं.

अजून एक नोंद सापडली. डीपीएफ अडकलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो ती रिजनरेशनची पाळी गेल्या वर्षी साधारण पन्नास तासांनी यायची. डिसेंबरपासून पंचवीस तासांवर आली आहे. म्हणजे काजळी दुप्पट तयार होतेय. बाहेर धूर दिसत नाही कारण तो सगळा डीपीएफमध्ये अडकतोय. नऊ तारखेला अधोरेखित केलेलं वाक्य इथे परत समोर आलं. हवा कमी पडतेय.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

औजार बंद. फिटर संध्याकाळी सवडीने आला, टर्बोचे आकडे बघितले.

चावी चालू, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा जाते त्या नळीचा) सेन्सर ९५ किलोपास्कल दाखवतो. कराडच्या उंचीवर वातावरणाचा दाब तेवढाच असतो, म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. ही तपासणी फुकट आहे आणि सेन्सर बदलण्याआधी प्रत्येकाने करावी. दोन दिवसांपूर्वीच्या लोडच्या नोंदीत मात्र दाब १४८ च्या वर गेलेला नाही. फिटरकडे याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रॅक्टरचे आकडे होते, तिथे १९० च्या पुढे. ईजीआर वॉल्व सांगितल्याप्रमाणे उघडझाप करतोय. डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरकही ठीक. राहिला टर्बो किंवा टर्बोपासून इंजिनापर्यंतचा रस्ता.

२७ फेब्रुवारी

टर्बोच्या तोंडाला बसेल असं पीव्हीसीचं टोपण घेतलं, त्यात ट्यूबचा व्हॉल्व बसवला आणि कॉम्प्रेसरने हळूहळू एक बारच्या आतच हवा भरली. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. वरचे जोड कोरडे राहिले. इंटरकूलरच्या खालच्या रबरी होजच्या आतल्या वळणावर मात्र फेस उसळला.

होज काढून वाकवला तेव्हा चीर दिसली, बोटाच्या दोन पेरांएवढी. शेजारच्या पट्टीला घासून पडलेली. सरळ असताना ती मिटते. नुसतं बघून कधीच सापडली नसती. बाहेरून तिथे तेलकट धूळ चिकटलेली होती, एवढीच काय ती खूण.

जुन्या ट्रॅक्टरला टर्बोच नाही, पण असता तर अशा फाटलेल्या होजने काळा धूर ओकला असता आणि आण्णांनी गोठ्यातून बघून सांगितलं असतं. इथे ईसीयूला हवा कमी दिसली, त्याने गुपचूप डिझेल कमी केलं, उरलेली काजळी डीपीएफने गिळली. ताकद गेली, पण बाहेर दिसण्यासारखं काहीच घडलं नाही.

३ मार्च

होज आला. स्क्रूच्या पट्टीऐवजी टी बोल्टच्या क्लिपा लावल्या. घासणाऱ्या पट्टीवर जुन्या रबराचा तुकडा बांधला.

आजच आणखी एक गोष्ट कळली. ड्रायव्हर रिजनरेशन थांबवायचं बटण सतत दाबून ठेवत होता. त्याच्याजवळ कारण होतं. पाचटात उभं असताना सायलेन्सरमधून आग येईल या भीतीने तो असं करायचा. भीती खरी आहे, त्या वेळी आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान जातं आणि खाली वाळलेलं पाचट असतं. पण बटण कायमचं दाबून ठेवलं तर डीपीएफ भरत जाऊन चोक होईल. आता असं ठरवलं : पाचटात असताना बटण दाबायचं, आणि दिवा मागेल त्याच दिवशी गाडी वस्तीसमोरच्या मोकळ्या मुरमावर उभी करून रिजनरेशन पूर्ण होऊ द्यायचं. तोवर इंजिन बंद करायचं नाही, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही.

५ मार्च. १,८७२

नदीकडची राहिलेली पट्टी. लोडवर १,७६०. मॅनिफोल्डचा दाब १९३. रेल १,३४०. तीन तास सलग.

आण्णा स्वतः सीटवर बसले, दोन तास मारून उतरले आणि म्हणाले, “आता लागला जमिनीला.”

बॅरल आडवा करून स्टँडवर ठेवला, मागची बाजू दोन इंच खाली, तोटी पुढे तळापासून चार बोटं वर. भरल्यावर एक रात्र हलवायचा नाही. मागच्या बुचातून महिन्याला तळाचं काढून टाकायचं. आणि रोज संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवायची, सकाळी नाही, म्हणजे रात्री आत दमट हवेला जागा राहत नाही.

१६ मार्च. १,९१३

धुळवड परवा झाली. खोडवा सगळा मोडून झाला.

सफाईत सुटलेले पोपडे पुढे येतील म्हणून पहिला फिल्टर मुदतीच्या आधीच काढला आणि करवतीने कापून उघडला. कागदाच्या घड्यांत थोडे तपकिरी डाग, चिकट काही नाही. सेपरेटरचा नट सोडून त्याच काचेच्या ग्लासात धार घेतली. उन्हात धरून बघितलं, पाणी नाही.

खर्च : फिल्टरचे तीन संच, ओढणारा पाइप, होज आणि क्लिपा, फिटरच्या तीन फेऱ्या. सगळं मिळून सांगितलेल्या पंपाच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आत. रिजनरेशन पाच तारखेनंतर अजून आलेलं नाही.

रोटाव्हेटरची चार पाती झिजली आहेत, ती उद्या. पुढचं पाणी काढायचं रविवारी, हे ऑइलपेंटने डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं.